पडद्यावरच्या काकूचं वर्णन

माझ्या आईला कोलकात्याच्या मराठी मंडळाने निवृत्त शिक्षिका करून टाकलं, आणि ते मला एका शनिवारी दुपारी बेहाल्याच्या ऑटोत बसल्या बसल्या मोबाईलवर कळलं. "वय अठ्ठावन्न. पुण्यात तीस वर्षे प्राथमिक शाळेत अध्यापन. सुसंस्कृत, प्रेमळ, हसतमुख. मुलांशी नेहमी गोड आवाजात बोलते." माझी आई चौथीपर्यंत शिकली आहे. पुणं तिने गाडी बदलताना स्टेशनवरून पाहिलंय, तेवढंच. आणि ती गोड आवाजात बोलली तर आम्ही घरातली माणसं घाबरतो, आता काय झालं म्हणून.

राग आला की मला बोलता येत नाही. मी "बरं" म्हणून मोकळी होते. त्या दिवसांतही मी तेच केलं. म्हणून आता लिहिते आहे. नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

आम्ही सांगली जिल्ह्यातले, खानापूर तालुक्याकडचे. तिकडची पुष्कळ माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. सोनारांच्या दुकानातला केर विकत आणायचा, तो जाळायचा, धुवायचा, तेजाबात म्हणजे ॲसिडात घालायचा आणि त्यातून सोन्याचे कण वेगळे काढायचे, हे माझ्या वडिलांचं काम. खालच्या खोलीत भट्टी, वरच्या खोलीत आम्ही. आई लग्न होऊन इथे आली त्याला पंचवीस वर्षं झाली. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही. माझं दुसरं वर्ष चालू आहे.

कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळात बहुतेक लोक बदलीवर आलेले असतात. बँकेतले, केंद्र सरकारच्या कचेऱ्यांमधले, फोर्ट विल्यममधल्या लष्करातले, अलीकडे आयटी कंपन्यांतलेही. तीन-चार वर्षं राहतात, निरोप समारंभ होतो, श्रीफळ मिळतं, जातात. आमच्यासारखी घरं थोडी. आम्हाला कुणी निरोप देत नाही कारण आम्ही कुठे जातच नाही. मंडळाचा कुठलाही कार्यक्रम असो, आई सभागृहामागच्या स्वयंपाकघरात असते. पुरणपोळ्या तिच्याच. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज येतो, "रुचकर पोळ्यांसाठी बेहाल्याच्या काकूंचे आभार." तिथे तिची ओळख एवढीच आहे. कार्यक्रम कसा झाला ते तिला मी घरी आल्यावर सांगायची.

हेही सांगायला हवं की मी मराठी लिहायला मंडळाच्याच पुस्तकांवरून शिकले. शाळेत बंगाली, हिंदी आणि इंग्रजी होतं. मंडळाच्या तीन कपाटांमधली पुस्तकं मी आठवीपासून घरी आणते आहे. त्या लोकांबद्दल वाईट लिहिताना माझा हात अडखळतो, तो त्या कपाटांमुळे.

आता पात्रांच्या वर्णनाबद्दल. मोबाईलवर अशी ॲप्स आहेत जिथे माणूस बनवलेल्या पात्रांशी गप्पा मारतो. पात्र उत्तरं देतं, पण ते कोण आहे, कसं बोलतं, हे आधी कुणीतरी लिहून द्यावं लागतं. कॉलेजातल्या माझ्या मैत्रिणीने मला हा नाद लावला. माझं पहिलं पात्र होतं एक बस कंडक्टर. मी लिहिलं होतं, "चिडका, विनोदी, पण मनाने चांगला." तो कंडक्टर दर उत्तराला सांगायला लागला की मी चिडलो आहे, पण मनाने चांगला आहे. मैत्रीण बंगाली आहे, फटकळ आहे. ती म्हणाली, "हे काय लिहिलंस? हे वर्णन नाही, प्रगतिपुस्तक आहे. तुझा कंडक्टर पास झाला, अभिनंदन."

मग मी आठवडाभर बसमध्ये कान उघडे ठेवून बसले आणि परत लिहिलं. विशेषणं सगळी काढली. दार अडवून उभ्या राहिलेल्या माणसाला तो "आत सरका" म्हणत नाही, तो म्हणतो, "दादा, दार तुमच्या नावावर केलंय का?" सुट्ट्यांसाठी भांडतो पण म्हातारीला उतरवल्याशिवाय घंटी देत नाही. त्याला क्रिकेटमधलं काही कळत नाही आणि ते तो कबूल करत नाही. असे संवादाचे तीन तुकडे दिले. कंडक्टर उभा राहिला. ॲपवरची अनोळखी माणसं त्याच्याशी भांडायला येऊ लागली. त्यातून मला कळलं ते एवढंच: माणूस कसा आहे हे सांगू नये, तो काय म्हणतो ते द्यावं. त्याला काय येत नाही तेही द्यावं. आणि तो कशाला नाही म्हणतो ते तर द्यावंच, कारण ॲपचा मूळ स्वभाव सगळ्याला हो म्हणायचा आहे. लिहिणाऱ्याने अडवलं नाही तर पात्र लोण्यासारखं वितळतं.

हे सगळं मी एकदा पुस्तकं परत करताना मंडळाच्या सचिव काकांना सांगून बसले. ते आयटी कंपनीत मोठ्या पदावर आहेत, ऑफिस एस्प्लनेडला आहे. ते एकदम ताठ बसले. "अगं, मग आपल्या मुलांसाठी कर ना! इथे वाढलेली मुलं, घरी मराठी बोलतच नाहीत. माझाच मुलगा मला जाणार नाही म्हणायला 'पप्पा, आमी जाबो ना' म्हणतो. एक मराठी काकू तयार कर. मुलं तिच्याशी गप्पा मारतील, भाषा येईल. भाषा दिनाला आपण ती सगळ्यांना दाखवू."

मला आनंद झाला. मंडळातल्या कुणी मला पहिल्यांदाच काही करायला सांगितलं होतं, आणि ते ताटं मांडण्याचं नव्हतं.

पहिला खर्डा लिहिला तो आठवला की अजून कानशिलं तापतात. कंडक्टरकडून शिकलेलं सगळं विसरून मी लिहिलं, "काकू सुशिक्षित व शांत स्वभावाच्या आहेत. त्यांना वाचनाची आवड आहे." मंडळातल्या पहिल्या रांगेत बसणाऱ्या बायका डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं होतं. म्हणजे जे पुढे त्यांनी केलं ते सगळ्यात आधी मीच केलं होतं. काकू माझ्याशी बोलायला लागली तेव्हा वाटलं, बँकेच्या फोनवर थांबले आहे आणि कुणीतरी सांगतंय, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

तेवढ्यात खालून आईचा आवाज आला. शेजारच्या सोनाराची नात आली होती, पडली होती, भोकाड पसरून बसली होती. आई तिला म्हणत होती, अर्ध्या बंगालीत, अर्ध्या आमच्या भाषेत, "रडतीस? रड की. कोण नगं म्हणतंय? पन रडता रडता एवढं वाटाणं सोल." आणि पोरगी खरंच हुंदके देत वाटाणे सोलायला बसली.

मी पहिला खर्डा पुसला.

त्यानंतर दोन महिने मी आईच्या मागे वही घेऊन फिरले. तिने दोनदा विचारलं, "काय लिवतीस सारखं?" मी म्हटलं, "कॉलेजचं." तिला कळू द्यायचं नव्हतं. माझ्या मनात असं चित्र होतं, की भाषा दिनाला सभागृहात काकू बोलायला लागेल, मुलं हसतील, आणि मी आईला स्वयंपाकघरातून बाहेर आणून सांगेन, ही तू आहेस. मला एवढंच हवं होतं. त्या लोकांनी तिला पोळीपलीकडे एकदा ओळखावं.

मी लिहिलेल्या वर्णनातला काही भाग असा होता:

"काकू नमस्कार म्हणत नाही. कुणी आलं की आधी विचारते, 'एकलाच आलास? आईला ठावं हाय का?' स्वतःबद्दल विचारलं तर उत्तर टाळते आणि तुलाच उलटा प्रश्न विचारते. मूल रडलं तर समजूत काढत नाही, हाताला काम देते. गणित विचारलं तर म्हणते, 'मला न्हाई येत. तुज्या बाईला इचार आन मग मलाबी सांग.' खोटं कौतुक करत नाही. चित्र आवडलं नाही तर विचारते, 'ह्या गाईला पाय किती?' मूल निघालं की म्हणते, 'जाताना पाय झाडून जा.'"

हे शेवटचं आमच्या घरचं आहे. गलाईच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या माणसाने पाय आणि कपडे झाडून जायचे असतात. तळव्याला चिकटून सोन्याचा कण बाहेर जाऊ नये म्हणून. आत येताना पाय कसेही असोत, कुणी काही म्हणत नाही. वरच्या खोलीत सोनं नसतं, तरी आई तिथूनही कुणाला तसं जाऊ देत नाही. सवय.

ही काकू जमली होती. मी तिच्याशी तासभर बोलले आणि दोनदा मला राग आला, तेव्हा कळलं की जमली. मी ती सचिव काकांकडे पाठवली. खातं माझं होतं, पण समितीला बदल करता यावेत म्हणून त्यांनाही त्यात घेतलं होतं. आणि पंधरा दिवसांनी, ऑटोत, निवृत्त शिक्षिका.

सोमवारी मी एस्प्लनेडला त्यांच्या ऑफिसात गेले. खालच्या मजल्यावर कॉफीची जागा होती. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. हे मी मुद्दाम लिहिते आहे. ते कधीच वाईट वागत नाहीत.

"वाचलंस ना? तुझं लिखाण फार छान होतं. फार म्हणजे फारच अस्सल."

"मग बदललं का, काका?"

"बदललं कुठे? जरा पॉलिश केलं. आणि एक चूक झाली होती तुझी. 'जाताना पाय झाडून जा' असं उलटं लिहिलं होतंस. मी ते 'पाय पुसून आत ये' केलं."

"उलटं नव्हतं." मी त्यांना सोन्याचं सांगितलं.

ते मोकळेपणाने हसले. "भारी आहे हे! पण सहा वर्षांच्या पोराला केरातल्या सोन्याचं काय कळणार?"

"तेच विचारेल ना तो. का झाडायचे पाय? मग काकू सांगेल. गप्पा तिथूनच सुरू होतात. 'पाय पुसून आत ये' म्हटल्यावर तो काय बोलणार? पाय पुसेल."

"पॉइंट आहे," ते म्हणाले, आणि मला क्षणभर वाटलं, झालं काम. "पण बघ, आपल्या अध्यक्षबाईंचं म्हणणंही चूक नाही. आधीच मुलांना मराठी येत नाही. कानावर पडणार ते चांगलं पडावं. शिवाय गणित येत नाही म्हणते काकू! मुलांच्या ॲपमध्ये 'मला येत नाही' कसं चालेल? पालक काय म्हणतील?"

"ज्याला सगळं येतं त्याच्याशी मुलं बोलत नाहीत, काका. त्याला फक्त उत्तरं विचारतात."

ते कपात चमचा फिरवत म्हणाले, "तू आईवरून लिहिलंस ना हे? मी ओळखलं लगेच. आईबद्दल आम्हा सगळ्यांना आदरच आहे. तिच्या पोळ्या म्हणजे... अध्यक्षबाई तर म्हणतात, पुण्यात मिळणार नाहीत अशा."

त्यांनी ओळखलं होतं. तोपर्यंत मला वाटत होतं, न कळून झालं. त्यांना कळलं होतं की ही खरी बाई आहे, कोण आहे, कुठे राहते. आणि तरी त्यांनी तिला खोडून तिच्या जागी पुण्याची शिक्षिका बसवली होती, आणि तिला पुन्हा पोळ्यांपाशी नेऊन ठेवलं होतं, आदराने. मला खूप बोलायचं होतं. की ही भाषा तुमच्या मुलांना चालणार नाही, पण तिचं पुरण चालतं. की तुम्ही जाल तीन वर्षांत, ही इथेच असेल.

"बरं, काका," मी म्हटलं.

"शहाणी मुलगी. आणि हो, स्टेजवर तुझंही नाव घेणार आहोत."

बाहेर फुटपाथवर मोबाईलची कव्हरं विकणारा ओरडत होता, "दीदी, देखून ना!" मी त्याच्यावर खेकसले. त्याने बिचाऱ्याने काय केलं होतं? मेट्रोच्या पायऱ्या उतरताना मी मनातल्या मनात काकांना सगळी उत्तरं दिली, एकेक चोख.

कार्यक्रमाच्या दिवशी आई सकाळपासून स्वयंपाकघरात होती, मदतीला दोन बायका. मी सभागृहात मागे उभी होते. आधी प्रार्थना, मग भाषणं. मग पडद्यावर काकू आली. पांढरे केस, चष्मा, काठाची साडी, मागे पुस्तकांची कपाटं. बँकेतल्या एका अधिकाऱ्यांची सहा वर्षांची मुलगी माईक धरून उभी राहिली. तिच्या आईने तिच्याकडून वाक्य घोटून घेतलं होतं.

"काकू, मला रडू येत आहे."

काकू गोड आवाजात म्हणाली, "अगं बाळा, रडू नकोस हं. रडता रडता मला हे वाटाणे सोलून देशील का?"

सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. अध्यक्षबाई मागे वळून कुणाला तरी म्हणाल्या, "किती गोड आहे ना!" सगळं बदललं होतं, पण वाटाणे ठेवले होते. गंमत होती ना त्यात.

मुलीला पुढचं वाक्य आठवेना. तिने आपल्याच मनाने, 'काय'ला बंगाली 'की' घालून विचारलं, "काकू, तुम्ही आता की करता?"

"मी माझ्या पुण्याच्या घरी बागेत बसून पुस्तक वाचते आहे, बाळा. तुला वाचनाची आवड आहे का?"

"ना," मुलगी म्हणाली आणि माईक खाली ठेवून आईकडे पळाली. पुन्हा हशा. त्या हशात मी दाराकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, पिठाचे हात पुढे धरून. किती वेळ उभी होती, माहीत नाही. माझ्याकडे तिने पाहिलं आणि आत गेली.

मी मागोमाग गेले. ती परत लाटायला बसली होती.

"ते वाटाण्याचं माझं हाय," ती पोळीकडे बघत म्हणाली.

"हो."

"आन ती बाई कुठली?"

"त्यांनी बदललं, आई. मी तुलाच लिहिलं होतं. जशीच्या तशी. त्यांनी..."

"कवा लिवलंस?"

मी पोळपाटावरचं पीठ बोटाने गोळा करायला लागले.

"कालिजचं हाय म्हनलीस मला."

मदतीच्या दोघी हळूच परात घेऊन बाहेर गेल्या. मी एका दमात सगळं सांगितलं. ॲप, वर्णन, एस्प्लनेड, पाय झाडणं. आणि शेवटी म्हटलं, "मला वाटलं, मुलांनी एकदा तुझ्याशी बोलावं. खऱ्या तुझ्याशी."

आईने लाटणं खाली ठेवलं. "मग बोलवायची की पोरं. मी मेलीय का?"

तिने हाताचं पीठ झाडलं.

"पंचवीस वरसं हितं हाय मी. ह्यांच्या किती पोरांची पंगत वाढलीय. एक कुनी म्हनलं न्हाई, जा, त्या काकूशी जरा बोलत बस. त्यांचं जाऊ दे, ती परकी. तुला तर घरात हुती मी. मला इचारायचं सोडून वहीत काय लिवत बसलीस? माजं बोलनं मला न इचारता लोकांना खेळाय दिलंस!"

"मी चांगल्यासाठी..."

"ते सायेब बी चांगल्यासाठीच करत्यात." तिने पोळी तव्यावर टाकली. "काढ ते."

"काढते. माझ्याकडे जुनं आहे, आत्ता लगेच तेच परत टाकते, म्हणजे सगळ्यांना..."

"जुनं न्हाई. सगळं काढ."

मी मोबाईल हातात घेऊन उभी राहिले. दोन महिने गेले होते त्यात. खरं सांगायचं तर ते माझं आत्तापर्यंतचं सगळ्यात चांगलं लिखाण होतं. तिला तसं सांगावंसं वाटलं, पण ते माझं कसं, हे तिने विचारलं असतं तर उत्तर नव्हतं. ॲपने विचारलं, पात्र कायमचं काढून टाकायचं का. मी हो दाबलं. मग जुना खर्डाही काढला.

बाहेर कुणीतरी म्हणालं, "नेट गेलं वाटतं." माईकवर टकटक झाली. थोड्या वेळाने सचिव काका घाईघाईने आत आले.

"अगं, काकू कुठे गेली?"

"हितं हाय की," आई म्हणाली.

काका गोंधळले. "नाही, म्हणजे, ती ॲपमधली."

"ती मला ठावं न्हाई. पोरगं बोलाय उभं राहिलंय न्हवं? पाठवा की हिकडं. पोळ्या भाजता भाजता बोलतो आमी."

काका हसले. विनोद झाला असं त्यांना वाटलं, किंवा तसं वाटल्यासारखं त्यांनी दाखवलं. मी म्हटलं, "काका, ते मी काढलं. खातं माझं आहे. आईला नको आहे ते."

या वेळी आवाज निघाला. त्यांचं हसू गेलं. "आत्ता? कार्यक्रम चालू असताना? मला सांगायचंस तरी."

"तुम्हीही आईला नव्हतं सांगितलं. मीही नव्हतं."

त्यांनी आईकडे पाहिलं नाही. आईच्या दोन्ही हातांवर लाटलेली पोळी होती, तव्यावर दुसरी फुगली होती, पुरणाचा वास त्या खोलीत भरून होता. ते पोळ्यांच्या चळतीकडे बघत मला म्हणाले, "पोळ्या किती झाल्या? पंगत आधी लावून घेऊ मग." आणि गेले. स्वयंपाकघरात एकही मूल आलं नाही.

ग्रुपवर तांत्रिक अडचणीबद्दल दिलगिरी आली. पुढच्या पंधरवड्यात त्यांनी स्वतःच्या खात्यावर नवी काकू बनवली. ती आजही आहे. वाटाणे त्यांनी पुन्हा घातले आहेत, मी काही करू शकत नाही. मुलं तिच्याकडून मराठीच्या गृहपाठाची उत्तरं काढून घेतात असं ऐकलं.

घरी आई माझ्याशी आठ दिवस कामापुरतं बोलली. जेवायला वाढायची, पण "एवढंच?" असं विचारायची नाही. मी दोनदा माफी मागितली. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "माफी काय मागतीस, बस हितं," आणि मेथी निवडायला घेतली. मी बसून राहिले. वही फळीवर होती, आणायला गेले नाही.

पाडव्याच्या आधी सचिव काकांचा फोन आला, माझ्याच मोबाईलवर. नेहमी माझ्याच मोबाईलवर येतो. जुनं काही काढलं नाही, आवाज नेहमीसारखा गोड. "अगं, पाडव्याच्या पोळ्यांचं आईला सांगून ठेव हं. यंदा माणसं जास्त आहेत."

मी म्हटलं, "आई समोरच आहे, काका. तिलाच विचारा."

"नाही नाही, तू सांग ना. त्यांना कशाला उगीच..."

मी मोबाईल आईच्या हातात दिला. तिने तो कानाला लावला आणि भिंतीला टेकली. "बोला सायेब," ती म्हणाली. पलीकडे काका काहीतरी लांबलचक बोलले. आई ऐकत होती. मग ती बोलायला लागली, आणि बराच वेळ बोलली.

हे सगळं मी तिला वाचून दाखवलं आहे, इथपर्यंत. दोन ठिकाणी तिने "काढ" म्हटलं, तिथे काढलं. एका ठिकाणी म्हणाली, मी असं न्हवते म्हनले, आणि काय म्हणाली होती ते सांगितलं, ते तसं घातलं. फोनवर ती काकांना काय म्हणाली ते लिहू का, असं मी विचारलं.

"न्हाई," आई म्हणाली.